बारावीनंतरची बारावी

फोर्ट केंट, मेन
२२ एप्रिल १९७९

चि. रोझेर यास,
ल्युसीलताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. नदीवरचा बर्फ फुटला. तुझे भावोजी आद्रियां कोठारात बियाण्याचे बटाटे कापत बसतात, त्यामुळे घरात जरा शांतता आहे.

आमचा नॉर्मां यंदा बारावी होईल. इथल्या कॉलेजात त्याला जागा मिळाली आहे, घरून चालत जाता येईल. पण न्यू हॅम्पशायरच्या एका निवासी शाळेचे बर्फावरच्या हॉकीचे मास्तर त्याचा खेळ पाहून गेले. त्यांचं म्हणणं, कॉलेजच्या आधी एक वर्ष आमच्याकडे काढ, घरच्या फ्रेंचमुळे कच्चं राहिलेलं इंग्रजी सुधारेल, अंगही भरेल, मग मोठी कॉलेजं आपणहून बोलावतील. फी शाळाच सोसणार. आद्रियां म्हणाले की नापास पोरगा पुन्हा वर्गात बसतो हे ठाऊक होतं, पास झालेला बसतो हे पहिल्यांदाच ऐकतोय. चर्चबाहेर बायका तर माझं सांत्वन करायला लागल्यात.

मला मात्र हसू येत नाही. तूही अशाच शाळेत एकाच वर्षासाठी गेला होतास. मग कॉलेज, मग नोकरी, मग लग्न. आई जाईपर्यंत जेवायला बसताना तुझी खुर्ची मांडायची. मला तसं म्हातारं व्हायचं नाही. भाचा तुझा शब्द मोडायचा नाही. तू नको म्हण, एवढंच मागते.

जीनला आशीर्वाद. आमची आठवण ठेव.
तुझी ताई


हार्टफर्ड
१ मे १९७९

ती. ल्युसीलताईस,
रोझेरचा सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून जीनला म्हटलं, ताईने हुकूम पाठवलाय. तुझ्या हातची कुट्टूच्या पिठाची घावनं पाठवली असतीस तर कदाचित ऐकलंही असतं.

तुला कधी सांगितलं नाही. त्या शाळेत सप्टेंबरात पहिलं हिव पडलं, तसा मी पिशवी भरून फाटकाशी जाऊन उभा राहिलो. आपल्याकडे शाळांना मिळते तशी बटाटे काढायची सुट्टी साऱ्या जगाला असते, अशीच माझी समजूत. मुख्याध्यापकांनी विचारलं कुठे निघालास, तर मी सरळ सांगितलं, बटाटे काढायला. पोरं हसून लोळली. वर्षभर माझं नाव ‘बटाट्या’. पण पुढच्या शनिवारी त्यातलेच तिघे मला शेजारच्या शेतावर घेऊन गेले. एकालाही धड वाकता येईना. मी त्यांना टोपली कशी पायांत धरायची ते शिकवलं, संध्याकाळी चौघेही मातीने माखून परतलो. अजून तो दिवस आठवला की बरं वाटतं.

ताई, ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सर्वांत सुखाचं. आणि घरची ओढ तेव्हापासून एक दिवस सुटलेली नाही. दोन्ही खरं आहे. मी परतलो नाही, कारण मला शहर आवडलं, त्याचं खापर शाळेवर फोडू नकोस. नॉर्मां परत येईल अशी हमी मी देत नाही. पण ‘नको’ माझ्याच्याने लिहवत नाही.

आद्रियांना नमस्कार. रागावलीस तरी पत्र टाक.
तुझा रोझेर


फोर्ट केंट
१० जून १९७९

ती. रोझेरमामास,
नॉर्मांचा सा. न. वि. वि. तुमचं पत्र आईने जेवताना मोठ्याने वाचलं. हमीचं वाक्यसुद्धा गाळलं नाही. मग तिने मला विचारलं, जायचंय का. मी हो म्हणालो. ती उठून भांडी घासायला लागली. पुढे कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. बाबा म्हणाले, तुझ्या मामाच्या वेळी आजीनेही हेच केलं होतं.

काल तिने हाक मारून माझं माप घेतलं. तिथे रात्रीच्या जेवणाला कोट लागतो, म्हणून बाबांचा लग्नातला कोट उसवलाय. बाहीत बरंच कापड आत दुमडून ठेवते आहे. मी म्हणालो, तोकडी झाली तर तिथल्या शिंप्याकडून वाढवून घेईन. ती म्हणाली, तिथे कुणाला हात लावू द्यायचा नाही, बाही तोकडी झाली की घरी यायचं, मी वाढवून देईन.

मग तिला सुईत दोरा ओवता येईना. डोळ्यांत पाणी होतं. शेवटी मीच ओवून दिला.

मामींना नमस्कार. माझ्यावर आहे तशीच माया असू द्या, आता तिची गरज पडेल.
तुमचा नॉर्मां