बारकीच्या उंचीची फळी

४ ऑक्टोबर

चि. बारकीस ताईचे अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजूनही मुंग्या चालल्यासारखंच आहे. आधी हसायची बातमी सांगते, दुसरी मागून.

मे महिन्यात कोंबडीची अकरा पिल्लं निघाली. बाबांनी नेहमीप्रमाणे पहिल्याच दिवशी त्यांच्या अंगावरची लव बघून निवड केली. तुला आठवतच असेल. पाठीवर ठसठशीत गडद पट्टा असेल तर मादी, अंग फिकट आणि डोक्यावर पांढुरका ठिपका असेल तर नर. त्यांनी चार माद्या ठेवल्या आणि सात नर गल्लीत वाटून टाकले. परवा सकाळी त्या चार माद्यांपैकी दोघी खुराड्यावर चढल्या आणि मान ताणून आरवल्या. मी हसत पायरीवर बसले. बाबा मात्र हसले नाहीत. हातातलं दाण्याचं भांडं तसंच धरून उभे राहिले.

मग मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही म्हणाल्या, आणि उरलेली हिवाळा संपेपर्यंत पुरली तरी पुष्कळ. घरी येताना बाबा एवढंच म्हणाले की पुन्हा एक निळं अंडं बघायचं राहिलं.

निळी अंडी घालणारी आपली म्हातारी निळी कोंबडी मागच्या वर्षी गेली. तिचा मुलगा तेवढा आहे, आपला मोठा कोंबडा. त्याच्या रक्तात निळं उतरलंय की नाही ते त्याच्याकडे बघून कळत नाही, त्याच्या लेकी अंडी घालतील तेव्हाच कळायचं. खरोखरच्या ज्या दोन माद्या निघाल्या त्या गेल्या आठवड्यापासून घालताहेत. दोघींचीही पांढरीच.

म्हणून एक मागते, रागावू नकोस. तुझ्याकडे ते जुनं निळं कवच आहे ना? पाठवून दे. गवतात ठेवीन आणि बाबांना दाखवीन. लबाडी आहे, मला कळतं. पण त्यांना आता एवढं बारीक कुठे दिसतंय?

लोभ आहे तो राहू दे, आणि जेवत जा वेळेवर.

तुझी
ताई

१९ ऑक्टोबर

ती. ताईस बारकीचा सा. न. वि. वि.

पत्र लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत वाचलं. समोर कुणाच्यातरी कवळीचे सहा दात रंग जुळवायला ठेवले होते. पांढऱ्याच्या सोळा छटा असतात आमच्याकडे. इथले सगळे विचारतात की तुझी नजर इतकी पक्की कशी. कसं सांगू, की लहानपणी माझ्या ओंजळीत ओलसर पिल्लू ठेवून बाबा रंग विचारायचे? नुसतं तपकिरी म्हटलेलं चालायचं नाही. दालचिनीसारखं की भिजल्या मातीसारखं ते सांगावं लागायचं. चुकले तर पुन्हा.

कवच पाठवतेय. कवळीच्या डबीत कापूस घालून नीट बसवलंय. एकोणीस वर्षांत रंग जराही उतरला नाही. आतून बघितलं तरी निळंच आहे.

आता कबूल करते, ते मी चोरलं होतं. घर सोडून इकडे निघायच्या दिवशी सकाळी कोठीतल्या खालच्या फळीवर दिसलं आणि मी ते रुमालात गुंडाळलं. बाबा तेव्हा खुराड्यात पिल्लं निवडत होते. गाडी आली, तू हाक मारलीस, तरी ते फाटकापर्यंत आले नाहीत. आई गेली तेव्हा पाच दिवस आले होते, तेव्हाही आमचं बोलणं कोंबड्यांच्या दाण्यापलीकडे गेलं नाही.

ताई, ते माझं नाव काढतात का गं? दर पत्रात विचारते आणि दर पत्रात तू विसरतेस.

माया असू दे.

तुझी
बारकी

८ नोव्हेंबर

चि. बारकीस अनेक आशीर्वाद,

डबी सुखरूप पोचली. तुझी ताई मात्र तोंडावर आपटली.

सकाळी दोन पांढऱ्या अंड्यांमध्ये कवच ठेवलं, भोक खालच्या बाजूला करून. बाबांना हाताला धरून नेलं आणि उगीचच मोठ्यांदा ओरडले की बघा तरी काय आहे. ते वाकले. अगदी नाकाजवळ नेऊन बघितलं. मग तळहातावर ठेवून जरा वजन घेतलं. अंगठा फिरवत खाली नेला आणि भोकावर थांबवला.

मला वाटलं आता चिडणार. ते चिडले नाहीत. वळून दाराकडे बघायला लागले आणि मला विचारलं की बारकी कधी आली.

बारके, ते तसेच उंबऱ्यात जाऊन उभे राहिले. तू मागच्या अंगणात लपली असशील असं वाटलं असावं, लहानपणी लपायचीस तशी. शेवटी मी खरं काय ते सांगितलं. बरं म्हणाले आणि दाणे टाकायला गेले. दाणे जरा जास्तच टाकले त्या दिवशी.

दुपारी चहाच्या वेळी मी तुझ्या चोरीबद्दल सांगितलं. तर म्हणाले, चोरी कसली? अंडी नेहमी वरच्या फळीवर असायची, आणि बारकी ठेंगणी, तिचा हात पोचायचा नाही. म्हणून त्यांनी ते आदल्या दिवशी फुंकून रिकामं केलं आणि खालच्या फळीवर ठेवलं. तुझ्या उंचीच्या.

मी विचारलं की मग फाटकापर्यंत का नाही आलात. त्यावर त्यांनी कप खाली ठेवला आणि कवच उचलून आत नेलं. कवच आता त्यांच्या उशाशी आहे, ते परत मागू नकोस.

पुन्हा मी अशी लबाडी करणार नाही. आशीर्वाद आहेतच.

तुझी
ताई

२१ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. काल एका गिऱ्हाइकाच्या पुढच्या दातांना चुकीची छटा लावली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. साहेबांनी विचारलं की डोळ्यांना त्रास होतोय का. हो म्हटलं.

रजेचा अर्ज लिहून ठेवलाय. तारखेची जागा रिकामी आहे. तू म्हणशील भर की तारीख आणि ये. पण ताई, त्यांनी मला ये म्हटलेलं नाही. कधी आली विचारलं, आणि नाही आली कळल्यावर बरं म्हणाले. एकदा बोलवायला काय झालं होतं? आम्ही दोघंही एकाच मातीचे, तू मध्ये भरडली जातेस.

आता एक कामाचं. रात्री पडल्या पडल्या सुचलं. बाबांच्या नजरेला पट्टा दिसत नव्हता म्हणून नर मादी म्हणून राहिले. मग तसंच उलटंही झालं असणार! नर म्हणून जी सात वाटली, त्यांत माद्याही गेल्या असतील. कोंबड्याच्या लेकी आहेत गं त्या, आणि आता त्यांचं अंडी घालायचं वय आहे. घरोघरी जाऊन विचार. एवढी शाळा चालवलीस, सात कोंबड्यांची हजेरी घेता येणार नाही?

तुझी
बारकी

१८ डिसेंबर

चि. बारकीस अनेक आशीर्वाद,

हजेरी घेतली! तीन घरांत खरेच नर. दोन घरांत माद्या, पण अंडी पांढरी. एका घरी बोक्याने नेलेलं. राहिल्या कोपऱ्यावरच्या टेलरबाई. त्यांनी मला बघताच दार अर्धवट लोटलं. मी शिरलेच आत. मशीनखालची चिंध्यांची टोपली सरकवत त्या म्हणाल्या की कोंबडा म्हणून दिलेल्याने अंडं घातलं, तेच मुळी विचित्र, आणि वर ते निळसर. त्यांना वाटलं जनावराला रोग आहे. पण बाबांना वाईट वाटेल म्हणून बोलल्या नाहीत. गुपचूप गुलाबाच्या मुळाशी पुरत होत्या. नऊ अंडी, बारके! गुलाब मात्र फोफावलाय.

त्यांना हवा होता कोंबडा, तो आपल्या आरवणाऱ्या दोघींपैकी एक दिला आणि आपली लेक घरी आणली. बाबांनी पहिलं अंडं हातात घेतलं, खिडकीशी गेले, कवचाशेजारी धरलं. मी म्हटलं उकडू का, खाऊन तरी बघा. माझ्याकडे असं बघितलं की मी पातेलं जागेवर ठेवून दिलं.

ती आता मोठ्या कोंबड्यासोबत असते. जमलेली पाच अंडी आज सकाळी बाबांनी खुडूक कोंबडीखाली ठेवली. एकवीस दिवस. तेवढ्यात नजर आणखी उतरेल, हे त्यांनाही माहीत आहे. मी म्हटलं, या वेळी लव बघून निवड मी करते. तर म्हणाले, तुला सगळं तपकिरीच दिसतं.

मग बराच वेळ कोंबडीजवळ बसून राहिले. उठताना म्हणाले की बारकीला लिही, पिल्लं आठ जानेवारीला निघतील, रंग तिने सांगायचाय.

तो अर्ज काढ आणि तारीख भर. पत्र पोचायला दहा दिवस लागतात, तेव्हा वाचून रडत बसायला फार वेळ नाही. आणि हो, कोठीतली खालची फळी बाबांनी आज माझ्याकडून पुसून घेतली. त्यावर काय ठेवायचं विचारलं, तर रिकामी राहू दे म्हणाले, तिचं सामान असेल.

वाट बघतो आहोत. दोघंही.

तुझी
ताई