पनवेलची थंडी कोण लपवतंय?

१८ डिसेंबर
पेपरात बातमी. गेल्या काही दशकांत देशभर कडाक्याच्या रात्री कमी होत चालल्यात म्हणे. उत्तरेत मधूनच लाट येते, पण एकूण किमान तापमान वर सरकतंय. एवढा मोठा देश, आणि थंडी अर्ध्या कॉलममध्ये संपवली! यात एसी विकणाऱ्यांचा हात असणार. शेजारचे झकेरियाभाई बातमी वाचून म्हणाले, "बरोबर आहे." अर्धं आयुष्य कुवेतला काढलेल्या माणसाने थंडीवर बोलू नये.

लेक दिपिका चार जानेवारीला मस्कतहून येतेय, नातीला घेऊन. पोर तिकडेच जन्मली. तिला फोनवर शब्द दिलाय की आजोबा खरी थंडी दाखवणार. मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांची पोपटी दहाला, विचुंब्याला महादेवच्या शेतात. माझे वडीलही याच सुमारास लावायचे.

२१ डिसेंबर
थर्मामीटर आणला, गॅलरीत टांगला. उद्यापासून रोज पहाटे पाचला नोंद. बघतोच.

२२ डिसेंबर, सकाळी साडेआठ
पाचला उठणं झालं नाही. पंखा चालू असला की झोप गाढ लागते. आकडा २४. खोटा.

२५ डिसेंबर
आज २२. झकेरियाभाईंची गॅलरी आमच्या गॅलरीला लागून. थर्मामीटरला हात लावताना त्यांना रंगेहाथ पकडलं. म्हणाले, "जनाब, ऊन डायरेक्ट पडतंय, जरा सावलीत सरकवत होतो." इतकी काळजी आजकाल कोण करतं? थर्मामीटर आत आणला आणि माठाला टेकवून ठेवला. १९! हा खरा. आमची ही, चारुता, म्हणाली, त्यापेक्षा फ्रीजमध्ये ठेवा ना. हिला शास्त्र कधी कळलंच नाही.

२ जानेवारी
विचुंब्याला जाऊन आलो. महादेव म्हणतो, "काका, शेंगा आजून भरल्या नाय. पाऊस उशिरा गेला, थंडी पडली नाय. पंधरा दिस थांबा." दिपिका बाराला परत जाते, थांबू कसा? असं विचारलं तर गुरं सोडायला निघून गेला. भरलेल्या शेंगा फार्महाउसवाल्यांना देत असणार. तारीख बदलणार नाही. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला: दहाला, शनिवारी कडाक्याची थंडी, स्वेटर सक्तीचा.

१० जानेवारी
पोपटी झाली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, कोंबडी सगळं भरून मडकं उलटं घातलं, वर पेंढा पेटवला. जाळाजवळ कोणी बसेना. सगळे स्वेटर कमरेला बांधून लांब उभे, झकेरियाभाई तर रुमालाने वारा घेत होते. मुद्दाम. कोंबडी उत्तम. शेंगांत मात्र नुसती सालं. नातीने एकेक शेंग सोलून पाहिली आणि विचारलं, "आजोबा, दाणे कुठे गेले? आणि थंडी?"

दिपिका म्हणाली, बाबा, राहू दे, मजा आली. ते 'राहू दे' फार लागलं. लहानपणी हीच पोर जाळापाशी माझ्या शालीत शिरून बसायची, उठवली तरी उठायची नाही.

११ जानेवारी
उद्या फ्लाइट. शब्द म्हणजे शब्द. दुपारी बेडरूमच्या खिडक्या लावल्या, पडदे ओढले, एसी सोळावर. थर्मामीटर उशाशी ठेवला. तासाभरात १८! शाल पांघरून बसलो. नात हळूच शालीत शिरली. डोळ्यांत पाणी आलं. पनवेलला थंडी आहे, फक्त ती बाहेर पडू देत नाहीत. तिला म्हटलं, बघ, ही आपली खरी थंडी.

ती म्हणाली, "ही? ही तर मस्कतला आमच्या घरी रोज असते."

काल झकेरियाभाई तिला चॉकलेट देत होते. तेव्हाच पढवलेलं दिसतंय.