आईचे रोल बाजूला ठेवू नका

बाबा,

मी दवाखान्यात आईजवळ आहे. भाज्यांचे स्प्रिंग रोल ट्रेमध्ये मांडून ठेवलेत. ओव्हन दोनशेवर दहा मिनिटं तापू द्या, मग रोल वीस मिनिटं भाजा. मध्ये एकदा उलटवा. तेल फक्त ब्रशने लावलंय, तुमच्या पथ्यात बसतं. कडा मैद्याच्या पेस्टने चिकटवल्यात. काल आईला हे सांगताना मी त्या पेस्टला, तुम्ही मागावर सुताला लावायचात तिला म्हणता तसं, खळ म्हणाले, तर हसली. "बापाचा माग बंद पडला, पर घरातनं खळ काय जाईना की गं!" त्यानंतर ती बोललेली नाही.

परवा मी तुम्हाला 'सुधारतेय' म्हणाले, ते खोटं होतं. रक्तातलं क्रिएटिनिन रोज वाढत होतं, किडन्या थकत चालल्या होत्या. मला रिपोर्ट कळत होते, पण तुम्हाला सांगायला जीभ रेटली नाही. आज डॉक्टर म्हणाले, आता ती घरी येणार नाही.

तुम्ही नेहमी तिचे चार आधी झाकून ठेवता. आज ठेवू नका. तिला गिळता येत नाही. तुम्ही पोटभर खा, बीपीची गोळी घ्या आणि दुपारी चारच्या आत या. तिला अजून ऐकू येतं. तुम्ही आलात की मी बाहेर जाऊन बसेन.

चैताली