डिकीतला बर्फ

शीळफाटा

ती. बाबांना, प्राप्तीचा ग्रीस लागलेल्या हातांनी नमस्कार.

फोनवर गाडीचं नाव काढलं की तुम्ही चिडता, म्हणून लिहितेय. आई वाचून दाखवेल.

तुमच्या कॉन्टेसाच्या मागच्या चाकांवरचे लोखंडी पाटे काढले आणि कॉईल स्प्रिंगा बसवल्या. पाटे मासळीच्या ओझ्याला ठीक होते, ऑपरेशन झालेल्या कमरेला नाहीत.

पहिल्यांदा मात्र मी माती खाल्ली. होडी भरूनच मापायची, हे तुमचंच शिकवणं. म्हणून डिकीत बर्फाच्या सहा पेट्या ठेवून मागची उंची लावली. सकाळी येऊन बघते तर बर्फ वितळून, मासळीचं पाणी जायला तुम्ही डिकीला पाडलेल्या भोकांतून वाहून गेलेला आणि गाडी ढुंगण वर करून उभी! गॅरेजवाले सुदेशकाका अजून हसतायत.

माझी डोंबिवलीची खोली हवेशीर आहे. जेवण वेळेवर होतं, बहुतेक. तुम्ही काठी घेऊन अंगणात तरी जाता ना? आई हो म्हणते, पण जरा थांबून म्हणते.

आता माप नव्याने घेतलंय. डिकी रिकामी आणि मागच्या सीटवर तुम्हा दोघांच्या वजनाची रेतीची पोती. इथल्या सगळ्या खड्ड्यांतून फिरवली, पोती जागची हलली नाहीत. रविवारी येते. हर्णैच्या जेटीवर लिलाव बघायला जाऊ, गाडीतूनच बघा. रुसायचं ते मागच्या सीटवर बसून रुसा.

तुमचीच,
प्राप्ती

ता. क. आईचं पोतं सत्तर किलोचं धरलंय. आई, तू साठ वाच.