दुकान वाढवलं

अब्बा, आज सकाळी पौडच्या आपल्या दुकानात भरे गावची एक नवरी हिरवा चुडा भरायला आली. हात कामाचा, निबर, आणि बांगडी हवी अगदी घट्ट मापाची. अंगठ्याखालचा भाग दाबत दाबत तिला गप्पांत गुंतवलं आणि तिला कळायच्या आत बांगडी मनगटावर. "काकी, दुखलंच न्हाई की!" म्हणाली. इतका आनंद झाला, की तो कुणाला सांगू असं झालं, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

मी मॅट्रिक झाले तेव्हा सत्तरचं दशक सरत आलं होतं. वर्गातली काही पोरं पुण्याला कॉलेजात निघाली, काही पलटणीत भरतीला, आणि मुलींची बहुतेक लग्नंच ठरली. तुमचं ठरलेलं, की लेक कॉलेजात जाणार आणि मास्तरीण होणार. भर बाजारात पेढे वाटून सांगितलंत. मला मात्र तुमची बांगड्यांची पेटी हवी होती. तुम्ही कुणाच्या घरी पेटी उघडली की तिथल्या बायका हातातलं काम टाकून भोवती बसायच्या, सासूची गाऱ्हाणी सांगायच्या, खिदळायच्या. असा धंदा सोडून फळ्यासमोर उभं राहायचं कशाला? पण तुमच्यापुढे बोलायची कुणाची छाती!

मग त्या उन्हाळ्यात तुमच्या अंगठ्याला गळू झालं, आणि नेमकं माले गावच्या लग्नघराचं बोलावणं आलं. "आजच्या दिस तू भर. फुडं तुला पुस्तकंच हायेत," म्हणालात. मी नवरीसमोर मांडी घालून बसले आहे, भोवती बायकांचं कोंडाळं. पहिल्या काही बांगड्या नीट गेल्या आणि मग एक कट्कन गेली. माझ्या तोंडून निघालं, "फुटली!"

नवरीच्या आत्याने तोंडाला पदर लावला. लग्नघरात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, हे काकणवाल्याच्या लेकीनेच विसरावं! तुम्ही मात्र हसत हसत म्हणालात, "काकण वाढलं, आक्का. आता नवरीचं समदंच वाढंल. पोरगी नवी हाय, तिला बी सांभाळून घ्या." आत्याबाईंनी पदर खाली घेतला. "तोंडानं चुकली, पर हाताची लई ग्वाड हाय पोर." चुडा भरून झाला आणि नवरीने रीतीप्रमाणे काकणं भरणाऱ्याला नमस्कार केला, म्हणजे मला! माझ्याहून मोठी असेल ती. मी लाजून लाल, पण आतून फुगडी घालत होते.

परतीच्या वाटेवर तुम्ही घुश्शात. "बोलायची रीत ठावं न्हाई आन् काकणं भरतीया! तू कॉलेजातच जा. मी आता दुकान वाढवणार हाय." दुकान म्हणजे तेव्हा बाजारातली टपरीच. मी म्हणाले, "वाढवाच, अब्बा. मी हाय की बसायला." तुम्ही थांबलात. पेटी खाली ठेवलीत. माझ्याकडे बघितलंत आणि असे हसलात, की शेतातली माणसं मान वर करून बघायला लागली. "बापालाच शब्दात पकडलं की गं! ही कसली मास्तरीण व्हतीया? हिला पेटीच द्याया पायजे." आणि दिलीत, तिथंच, रस्त्यात. जड होती, तरी घरापर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

त्या एका वाक्यावर तुम्ही जन्मभर मिरवलात. गिऱ्हाईक आलं की, "माझ्या लेकीचं डोकं बगा," म्हणून किस्सा सुरू. माझ्या लग्नात व्याह्यांनाही ऐकवलात. मी खाली मान घालून हसायचे. लोकांना वाटायचं, पोर विनयाची आहे.

अब्बा, तो हजरजबाबीपणा नव्हता हो. तुम्ही दुकान बंद करायचं म्हणताय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जे हवं होतं तेच ऐकू आलं. मला खरंच वाटलं, तुम्ही दुकान मोठं करताय, माझ्यासाठी. तुम्ही का हसलात ते रात्री अम्मीने समजावलं तेव्हा कळलं. या पत्राला पत्ता नाही तेच बरं. पत्ता असता तर हे शेवटचं मी लिहिलं नसतं. तुमचा इतका आवडता किस्सा तुमच्याकडून काढून घ्यायचा मला धीर झाला नसता.