सरांनीच शिकवलेली कोरी ओळ

विश्रामबाग, रविवार, संध्याकाळ

आज कवठे महांकाळला द्राक्षबागायतदारांच्या मेळाव्याला गेलेच नसते तर बरं झालं असतं. स्टेजवर सर होते. मला संशोधन शिकवणारे माझे सर, आणि हातात कुठल्याशा कंपनीच्या टॉनिकची बाटली. म्हणाले, "मी स्वतः मारून बघितलंय, मणी लय फुगतात."

कुठलंही औषध मारताना वेलींची एक ओळ कोरी सोडायची, नाहीतर फरक कळणार कसा, हे त्यांचंच शिकवणं. वर्गात मी तेच सांगत आले, त्यांचं नाव घेऊन.

माझी विद्यार्थिनी सुजाता उठली. "सर, कोरी ओळ सोडली होती का?"

सर हसले. "बस खाली, पोरी. अनुभव म्हणून काही असतो की नाही?" लोकही हसले. आणि मी मान खाली घातली. का घातली? लाज सरांची वाटली की माझी?

परतताना एसटीत सुजाता म्हणाली, "म्याडम, तुमीच म्हणला हुता न्हवं, सरांना असं विचारलेलं लय आवडतं?"

आवडायचं. खरंच आवडायचं.

मेळाव्यातून निघताना त्या टॉनिकची एक बाटली मी विकत घेतली होती. उद्या कॉलेजच्या द्राक्षबागेत सुजाताच फवारणी करील. एक ओळ कोरी सोडून.