झोपवून ठेवलेला संगणक

नांदेड,
दि. ४ डिसेंबर २०२४

प्रिय सौ. सौदामिनीस,

अनेक आशीर्वाद. मुखेडला सर्व कुशल असावे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो. नळाला पाणी नियमित येते. साखराबाई पोळ्या करून जाते, मीठ विसरते.

संगणकाविषयी अनिमेषशी बोलणे झाले. आपल्या नातवाने त्या एकाच यंत्रात माझ्यासाठी विंडोज, तुझ्यासाठी लिनक्स अशा दोन प्रणाली आणि दोघांसाठी एक सामाईक कप्पा करून दिला, हे तुला ठाऊक आहेच. त्याने विचारले, “आजोबा, उठताना विंडोज पूर्ण बंद करत होता, का हायबरनेट?”

मी म्हणालो, “झोपवीत होतो. तपासावयाचे लेख उघडे ठेवून उठण्याची माझी सवय आहे.”

“मग तेच नडून राहिलं ना.”

झोपविलेली प्रणाली सामाईक कप्प्याचे जुने चित्र स्मरणात ठेवते. मध्यंतरी तू लिनक्समधून विष्णुपुरीच्या जलाशयावरील पक्ष्यांची छायाचित्रे त्यात ठेवलीस, प्रदर्शनासाठी निवडलीस. मी विंडोज जागे केले. त्याने जुनेच चित्र खरे मानून त्यावर लिहिले, आणि तुझी निवड गेली. काही छायाचित्रे परत मिळतील, असे अनिमेष म्हणतो. तो येईपर्यंत यंत्र सुरू करावयाचे नाही. मी केलेले नाही.

तुझे बंधू आप्पासाहेब त्या दिवशी चहाला बसले होते. त्यांच्यादेखत मी तुला म्हणालो, “यंत्राला हात लावायला अक्कल लागते.” तू एवढेच म्हणालीस, “तुमचं काही बंदच होत नाही, तोंडसुद्धा,” आणि त्यांच्यासोबत मुखेडला निघून गेलीस.

येथपर्यंत लिहून हे पत्र मी बाजूला ठेवले होते.

एका प्रणालीतून दुसरीत जाण्यापूर्वी पहिली पूर्ण बंद करावी, हा नियम अनिमेषने यंत्र बसविताना मला सांगितला होता. तू तेव्हा स्वयंपाकघरात होतीस. तुला सांगण्याचे काम त्याने माझ्यावर सोपविले. मी सांगितले नाही. आणि आप्पासाहेबांसमोर तुला बोलत असताना, वाक्याच्या मध्येच, तो नियम मला आठवला. तरी मी वाक्य पूर्ण केले.

रविवारी सकाळच्या एस.टी.ने येतो. तुला घरी चल म्हणणार नाही. आप्पासाहेबांना मात्र घरी थांबावयास सांग. मागच्या खेपेस त्यांनी अर्धेच ऐकले आहे.

तुझा,
राघवेंद्र